मत वळवणं वेगळं, मतदार घराबाहेर काढणं वेगळं

अमेरिकेत निवडणुका आल्या की पुण्याहून मामाचा फोन ठरलेला. २०२१च्या जानेवारीत तर तो भलताच खूश होता. "काय गं, तुम्ही लोकांनी दारोदार फिरून जॉर्जियातल्या रिपब्लिकनांची मनं वळवलीत म्हणे!" मी म्हटलं, मामा, मी एकाही रिपब्लिकनाचं मन वळवलेलं नाही. मला तसं करायला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याला वाटलं, भाची नम्रपणा करतेय.

मामाचं एक ठीक आहे. पण हेच वाक्य मी मराठी लेखांत वाचलंय, चर्चांमध्ये ऐकलंय, इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या जाणत्या माणसांच्या तोंडूनही ऐकलंय. म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते.

आधी किरकोळ गोंधळ. सिनेट दोन असतात. वॉशिंग्टनची, जिथे प्रत्येक राज्याचे दोनच सदस्य असतात; आणि राज्याची स्वतःची, जी जॉर्जियाची अटलांटात भरते आणि तिचे ५६ सदस्य असतात. बातमीत नुसतं 'सिनेटर' आलं तर कुठला ते बघावं. (मुंबई विद्यापीठाचीही सिनेट असते, ती तिसरी.) दुसरं, रनऑफ. जॉर्जियात नुसती आघाडी पुरत नाही, पन्नास टक्क्यांच्या वर मतं लागतात. नाही मिळाली तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत. संपलं. यात अवघड काही नाही.

अवघड आहे ते पुढचं. मत मागायला आलेला माणूस आणि मतदान करवून घ्यायला आलेला माणूस दारातून सारखेच दिसतात. गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल, चेहऱ्यावर ओशाळं हसू. पण दोघांचं काम वेगळं, यादी वेगळी, यशाची व्याख्या वेगळी. पहिल्याला आपण सगळे ओळखतो: तो प्रचार. त्यावर मी शाई घालवणार नाही.

दुसऱ्यासाठी आकडेच बघू. ३ नोव्हेंबर २०२०ला डेव्हिड पर्ड्यू या रिपब्लिकन सिनेटरला २४ लाख ६२ हजार मतं पडली आणि डेमोक्रॅट जॉन ऑसॉफला २३ लाख ७४ हजार. पर्ड्यू ८८ हजारांनी पुढे, पण ४९.७ टक्क्यांवर अडकले. ५ जानेवारी २०२१ला रनऑफ झाला आणि ऑसॉफ सुमारे ५५ हजार मतांनी जिंकले. आता मामाच्या हिशेबाने पर्ड्यूंची मतं ऑसॉफकडे वळली, म्हणजे ऑसॉफची मतं वाढायला हवीत ना? ती घटली. २२ लाख ७० हजारांवर आली, म्हणजे लाखभराने कमी. फक्त पर्ड्यूंची त्याहून जास्त घटली, जवळपास अडीच लाखांनी.

पुन्हा वाचा हवं तर. जिंकलेल्या उमेदवाराला मागे होता तेव्हापेक्षा कमी मतं पडली. कोणीच पक्ष बदलला नाही असं मी म्हणत नाही. काही हजारांनी बदललाही असेल. पण निकाल फिरला तो मुख्यतः कोण घरी बसलं यावर. रिपब्लिकनांच्या बाजूने घरी बसण्याला कारणंही होती. निवडणूकच खोटी आहे असं त्यांच्याच नेत्याने दोन महिने ओरडून सांगितलं होतं. २ डिसेंबरला जॉर्जियातल्याच आल्फारेटाच्या सभेत ट्रम्प यांच्या बाजूचे वकील लिन वूड आणि सिडनी पॉवेल यांनी तर जानेवारीत मतच देऊ नका, असा सूर लावला. आपलेच मतदार आपणच कोंडून ठेवायचे, हा प्रकार मी पहिल्यांदाच पाहिला. दुसऱ्या बाजूला आमच्यासारखे लोक याद्या घेऊन फिरत होते.

यादी. सगळं त्या यादीत आहे, आणि भारतातून बघणाऱ्याला तीच दिसत नाही.

आपल्याकडे मतदारयादीत नाव, वय, पत्ता एवढंच असतं. जॉर्जियात तुम्ही कुठल्या निवडणुकीत मतदान केलंत याचीही नोंद सरकारी यादीत असते आणि ती विकत मिळते. कोणाला मत दिलं ते अर्थातच नसतं. मतदाराचा पक्षही जॉर्जियात नोंदवत नाहीत, पण प्राथमिक निवडणुकीत (पक्षाचा उमेदवार ठरवतात ती) कुठल्या पक्षाची मतपत्रिका मागितली ते नोंदवतात. एवढ्यावर अंदाज बांधता येतो. समजा, एक बाई २०१८च्या प्राथमिकीत डेमोक्रॅटिक मतपत्रिका घेते, नोव्हेंबर २०२०ला मत देते, मधल्या दोन निवडणुका चुकवते. आपल्या भाषेत, हा हक्काचा मतदार, पण आळशी. मत वळवणाऱ्याला या बाईचा उपयोग शून्य, कारण ती वळलेलीच आहे. मतदार घराबाहेर काढणाऱ्यासाठी हीच यादीतली पहिली. उलट शेजारच्या घरातला माणूस, दर निवडणुकीत न चुकता जाणारा आणि दोन्हीकडे झुकणारा, प्रचारवाल्याला मोलाचा; आमच्या यादीत तो नसतोच. त्याच्या दारावरून आम्ही सरळ पुढे जातो. रस्त्यावर उभं राहून बघणाऱ्याला वाटतं, हे लोक घरं का गाळतायत?

आमच्या ग्विनेट काउंटीत डिसेंबरच्या एका शनिवारी माझ्याकडे चाळीसेक दारं होती. कोविडमुळे घंटा वाजवायची, सहा फूट मागे सरकायचं, मास्क नीट करायचा आणि वाट बघायची. पत्रक टपालपेटीत टाकायचं नाही, तो केंद्र सरकारच्या कायद्याने गुन्हा. दाराच्या मुठीला अडकवायचं. मोबाइलवरच्या 'मिनिव्हॅन' नावाच्या ॲपमध्ये प्रत्येक नावापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे आपला, पाच म्हणजे पक्का समोरचा. पाच निघाला तर काय करायचं? "धन्यवाद, दिवस चांगला जावो," म्हणून वळायचं. बस्स. वाद घालायचा नाही. मी पहिल्या आठवड्यात घातला होता, एका निवृत्त गृहस्थांशी, आरोग्यविम्यावर, वीस मिनिटं. मला वाटलं, मी बाजी मारली. आमच्या गटप्रमुख बाईने शांतपणे विचारलं, "त्या वीस मिनिटांत किती दारं राहिली?" सहा राहिली होती. शिवाय त्या गृहस्थांना मी आठवण करून दिली होती की मतदान करायचंय.

'एक' निघाला की खरं काम सुरू. तिथे उमेदवाराचं गुणगान करत बसणं हा नवख्यांचा रोग. तो माणूस आधीच तुमचा आहे, त्याला कसलं पटवताय? त्याला विचारायचं: कधी जाणार? लवकर मतदान १४ डिसेंबरला सुरू झालंय, या आठवड्यात की पुढच्या? कामावरून परस्पर की घरून? मुलं कुणाकडे? केंद्र कुठे आहे माहीत आहे का, कारण लवकर मतदानाचं केंद्र आणि मतदानाच्या दिवसाचं केंद्र एकच असेल असं नाही. गाडी आहे का? (आपल्याकडे उमेदवाराने मतदारांसाठी गाड्या लावणं हा कायद्याने भ्रष्ट आचार ठरतो. इथे नेऊन सोडणं चालतं, त्यासाठी पैसे देणं चालत नाही.) माणूस "बघू, जाईन" म्हणाला तर तो जात नाही. "गुरुवारी साडेचारला, कामावरून सुटल्यावर" म्हणाला तर बहुधा जातो. हे "गुरुवारी साडेचारला" तोंडून काढून घेणं, एवढंच माझं काम होतं.

आणि मत पडलं की दुसऱ्या दिवशी त्याचं नाव माझ्या यादीतून गायब. सरकार लवकर मतदान केलेल्यांची नोंद रोज जाहीर करतं. फोनांनी कावलेल्या ओळखीच्यांना मी एकच तोडगा सांगायचे, लवकर मत देऊन या, फोन आपोआप थांबतील.

यातलं काही नवीन वाटतंय का? खरं तर नसावं. मतदानाच्या दिवशी दुपारी दोन वाजता बूथबाहेरच्या टेबलावर यादीवर पट्टी ठेवून रेघा मारत बसलेला, "पाटलांची आळी अजून आली नाही, पोरांना पाठव रे," म्हणून ओरडणारा कार्यकर्ता आपण सगळ्यांनी पाहिलाय. तोच हा. फरक इतकाच की आपल्याकडे तो एका दुपारचा असतो, इथे दोन महिन्यांचा.

या बाबतीत अभ्यासही पुष्कळ झालाय. ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी १९९८ साली न्यू हेवनमध्ये प्रत्यक्ष प्रयोग करून दाखवलं की समोरासमोर भेटल्याने मतदान वाढतं. जोशुआ काला आणि डेव्हिड ब्रुकमन यांनी २०१८मध्ये ४९ प्रयोग एकत्र तपासले. मुख्य निवडणुकीत प्रचाराच्या भेटीने किंवा फोनने मत बदलण्याचं प्रमाण सरासरी शून्याच्या आसपास निघालं. मग मत बदलतच नाही का? बदलतं. २०२२च्या नोव्हेंबरात याच जॉर्जियात रिपब्लिकन गव्हर्नर ब्रायन केम्प यांना सिनेटचे रिपब्लिकन उमेदवार हर्शेल वॉकर यांच्यापेक्षा सुमारे दोन लाख मतं जास्त पडली, एकाच दिवशी, एकाच मतपत्रिकेवर. हे घरी बसणं नव्हे, हे मत फुटणं. पण ते माझ्यासारख्या दारावर तीन मिनिटं उभ्या राहिलेल्या बाईने फोडलं असं मानायला मी तयार नाही. त्यात वॉकर यांचा स्वतःचा वाटा मोठा.

अजून एक गुंता आहे, आणि आपल्या लोकांना तो खरंच अडचणीत आणू शकतो. मतदार घराबाहेर काढणाऱ्यांतही दोन जाती. एक उमेदवाराच्या किंवा पक्षाच्या बाजूने काढतात. दुसऱ्या करमाफी मिळालेल्या सेवाभावी संस्था. त्यांनी "मत द्या" म्हणायचं, "याला मत द्या" म्हणायचं नाही. डेमोक्रॅट नेत्या स्टेसी एब्रम्स यांनी उभी केलेली 'न्यू जॉर्जिया प्रोजेक्ट' ही मतदारनोंदणीची संस्था अशी होती. तिने आणि तिच्या भावंड संस्थेने २०१८च्या गव्हर्नरच्या निवडणुकीत एब्रम्स यांच्यासाठी प्रचार केला आणि तो खर्च जाहीर केला नाही, म्हणून जानेवारी २०२५मध्ये ३ लाख डॉलर दंड भरायचं मान्य करावं लागलं. मला त्यांच्या कामाबद्दल आदर आहे, आणि तरीही हा दंड मला योग्य वाटतो. रेघ आखलेली असते ती पाळायची असते.

महाराष्ट्र मंडळंही बहुतेक याच सेवाभावी प्रकारात मोडतात. म्हणजे गणेशोत्सवात प्रसादाच्या रांगेजवळ मतदारनोंदणीचं टेबल लावा, खुशाल लावा. पण आरतीनंतर मंडळाच्या अध्यक्षांनी माइक हातात घेऊन "यंदा आपल्या सगळ्यांची मतं अमक्यालाच" म्हटलं, की मंडळाची करमाफी धोक्यात. दरवर्षी कोणीतरी हे करायला जातं आणि दरवर्षी मी त्याच्या सदऱ्याची बाही ओढते. त्याचं म्हणणं, "अगं, मी मतदार-जागृतीच करतोय." नाही हो काका, तुम्ही प्रचार करताय.

नोंदणीच्या श्रेयाबद्दलही एक खुसपट काढते. जॉर्जियात २०१६पासून वाहन परवाना काढताना किंवा नूतनीकरण करताना नको म्हटलं नाही तर मतदार म्हणून नोंद आपोआप होते. त्यामुळे "लाखो नवे मतदार कार्यकर्त्यांनी नोंदवले" या गोष्टीतला बराच वाटा परवाना खिडकीवरच्या कारकुनाचा आहे. नोंद झालेल्याला केंद्रापर्यंत नेणं मात्र खिडकीचं काम नाही.

५ जानेवारीनंतरही माझं काम तीन दिवस चाललं. टपालाने आलेल्या काही मतपत्रिका तेव्हा सहीत गडबड म्हणून बाजूला काढल्या जायच्या. मतदाराने शुक्रवारपर्यंत ओळखपत्राची प्रत आणि एक फॉर्म दिला तर ते मत धरायचे. ही नावंही जाहीर असायची. माझ्या वाट्याला एक आजी आल्या, मुलाकडे राहणाऱ्या, सत्तरी उलटलेल्या, मूळच्या साताऱ्याकडच्या. त्यांची नोंदणीवरची सही इंग्रजीत होती आणि मतपत्रिकेच्या पाकिटावरची मराठीत. "अगं, चेकवर इंग्रजी करते मी. हे सरकारी काम, म्हटलं, नीट आपल्या अक्षरात करावी." ओटीवर थंडीत उभं राहून आम्ही फॉर्म भरला. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर लावून इंग्रजी सही केली, नातवाने ओळखपत्राचा फोटो काढून पाठवला. मग म्हणाल्या, "मी कोणाला मत दिलं ते नाही का विचारलंस?" मी म्हटलं, आजी, ते माझ्या फॉर्मवर नाही. "मग चहा तरी घे," म्हणाल्या. मास्क होता, नाही घेतला. पाच वाजायच्या आत अजून चार दारं व्हायची होती.