पेटीतल्या बाळाला हात लावायचा नाही?

बडोद्याच्या दांडिया बाजारात कुणाकडे अपुऱ्या दिवसांचं बाळ झालं आणि ते उबेच्या पेटीत (इनक्युबेटरमध्ये) ठेवलं, की आज्या-मावश्या बजावतात: "पेटीतलं बाळ, हात लावू नका, जंतू लागतील. शिवाय मांडीची सवय लागेल!"

जंतूंचं भय खोटं नाही. पण त्यावर उपाय आहे: अंगठ्या-बांगड्या काढून हात कोपरापर्यंत धुवायचे, सर्दी असेल तर बाहेरच थांबायचं. बाकी सगळं उलटं.

१९७८ साली कोलंबियातल्या बोगोटात पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. एदगार रेय यांनी बाळं आईच्या छातीशी बांधायला सुरुवात केली. हीच कांगारू पद्धत. टोपडं, मोजे, लंगोट एवढ्यावरच बाळ उघड्या छातीवर उभं ठेवायचं. मान एका कुशीला, नाक मोकळं. बाळ उबेत राहतं, अंगावर पिणं सुधारतं. जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून रोज ८ ते २४ तास सांगते. आई थकली तर बाबा, नाहीतर बजावणारी आजीच!

अमेरिकेत काही रुग्णालयांत प्रशिक्षित स्वयंसेवक दुपट्यात गुंडाळलेली बाळं कुशीत घेऊन बसतात, पण आई-वडील येऊ शकत नाहीत तेव्हाच्या सोबतीसाठी. उघड्या छातीची ऊब मात्र घरच्यांचीच.

आणि सवय? नऊ महिने पोटात राहायचं होतं त्याला. ती सवय आधीचीच आहे.