पवित्र तेल म्हणजे मरणाची सूचना नव्हे

‘फादर तेल लावायला आले म्हणजे संपलंच,’ असं कॅथलिक घरांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतं. भीती समजण्यासारखी आहे. आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करण्याचा हा विधी पूर्वी बहुधा मरणाच्या दारातच होई. पण बायबलमधलं याकोबाचं पत्र 5:14-15 उघडून पाहा. आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चमधल्या वडीलधाऱ्यांना, बोलवावं असं तिथे आहे, आणि प्रार्थना त्याने उठावं म्हणून आहे. 1972च्या सुधारित विधीत कपाळाला व हातांना तेल लावतात. गंभीर शस्त्रक्रियेआधी, वार्धक्यात शक्ती खचल्यावरही ते घेता येतं. दुखणं बळावलं तर पुन्हा. शेवटपर्यंत श्रद्धेत टिकायचं बळ त्यातून मागितलं जातं. उशीर झाला, शुद्ध हरपली, की कन्फेशन (फादरांपुढे पापांची कबुली) राहून जातं, कम्युनियनही (ख्रिस्ताचं शरीर म्हणून घ्यायची पवित्र भाकर) राहून जातं. आणि मरणाऱ्याची शेवटची शिदोरी तेल नव्हे, ते कम्युनियनच!