मिश्र वायुवीजन, कार्यालयांतील

हवा बरी असेल तेव्हा खिडक्या व पंखे आणि उकाडा असह्य झाला की वातानुकूलन, अशा दोन्ही साधनांवर चालणाऱ्या इमारतीच्या व्यवस्थेला मिश्र वायुवीजन म्हणतात. कोणी मुद्दाम आखणी केलेली नसतानाही भारतातील कितीतरी लहान कार्यालये याच प्रकारात मोडतात.

डेन्मार्कचे संशोधक पी. ओ. फँगर यांनी १९७० मध्ये मांडलेले औष्णिक सुखाचे, म्हणजे माणसाला ना उकाडा ना गारठा वाटण्याचे, गणित प्रयोगशाळेतील नियंत्रित खोल्यांवर आधारलेले होते. हवेचे व भोवतालच्या पृष्ठभागांचे तापमान, आर्द्रता, वाऱ्याचा वेग, कपडे आणि शारीरिक श्रम हे त्यातले सहा घटक. खिडकी स्वतः उघडता येणारा माणूस मात्र या गणितापेक्षा जास्त उकाडा सहज चालवून घेतो, असे रिचर्ड डी डिअर व गेल ब्रेगर या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले.

भारतापुरता हा प्रश्न अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी तपासला. अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, दिल्ली व सिमला येथील १६ कार्यालयांतून सहा हजारांवर प्रतिसाद गोळा झाले. निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या सूत्रानुसार बाहेरचे अलीकडच्या दिवसांचे सरासरी तापमान ३० अंश सेल्सिअस असेल, तर नुसत्या खिडक्या-पंख्यांच्या कार्यालयात सुमारे २९ अंशांना आणि मिश्र पद्धतीच्या कार्यालयात सुमारे २६ अंशांना माणसे समाधानी असतात. म्हणजे एसी हाताशी आला की अपेक्षाही बदलते. तरीही २२ अंशांवर गारठणाऱ्या कार्यालयांना या आकड्यांत आधार सापडत नाही.

प्रत्यक्षात यंत्रणेइतकेच वर्तनही निर्णायक ठरते. उकडले की एसी लगेच लागतो. बाहेर गार वारा सुटल्यावर तो बंद करून खिडकी उघडायला मात्र कोणी उठत नाही, कारण आत कोणालाच त्रास होत नसतो. खिडक्यांची उघडझाप बहुधा कामावर येता-जाताच होते. सामायिक दालनात खिडकीजवळच्याची मर्जी चालते, रिमोट साहेबांच्या टेबलावर असतो आणि एसीच्या थेट झोतात बसलेली व्यक्ती शाल घेऊन येते. शहरात धूळ, हॉर्न आणि संध्याकाळचे डास खिडकी बंद ठेवायला पुरेसे असतात. पंखा मात्र प्रत्येकाला आपापल्या रेग्युलेटरवर मिळाला, तर एसी दोन-तीन अंश वर ठेवूनही तक्रार येत नाही. हा सर्वांत स्वस्त उपाय नव्या कार्यालयांत सजावटीच्या छतापायी गाळला जातो.

काही इमारतींत खिडकी उघडताच त्या भागातील वातानुकूलन आपोआप बंद पडते. काहींत खिडकी केव्हा उघडावी हे हिरवा दिवा सांगतो. त्या दिव्याचा अर्थ कोणी समजावून दिलेला नसेल, तर कर्मचारी तिकडे लक्षही देत नाहीत.