जुन्या जीआय लाइनचा जॉइंट गळतोय? पाना लावण्याआधी हे वाचा

पुण्यात कोथरूड, सहकारनगर भागातल्या चाळीस-पन्नास वर्षांच्या सोसायट्यांतून आम्हाला येणारा फोन बहुधा एकाच वाक्याचा असतो: "जॉइंट गळतोय, माणूस पाठवून जरा आवळून द्या." माणूस येईल, पण आवळणार नाही. का, ते इथे लिहिलं आहे, म्हणजे दारात उभं राहून वाद नको.

गळती नेमकी जॉइंटलाच का?

जीआय पाइप म्हणजे लोखंडी पाइपवर जस्ताचा मुलामा. जोडण्यासाठी टोकाला आटे पाडले की तिथला मुलामा निघून जातो आणि पाइपची जाडीही कमी होते. गंज आधी तिथेच धरतो. शेजारी पितळी व्हॉल्व्ह किंवा नळ असेल तर आणखी लवकर, कारण पितळेला लागून असलेलं जस्त आणि लोखंड जास्त वेगाने झिजतं. खालच्या मजल्यांवर पाण्याचा दाब जास्त. टाकी 10 मीटर वर असेल तर नळापाशी दर चौरस सेंटीमीटरला साधारण 1 किलोचा दाब येतो, त्यामुळे चौथ्या मजल्यावर नुसता ओलसर राहणारा जॉइंट तळमजल्यावर ठिबकतो.

आवळलं तर काय होतं?

जुन्या जॉइंटमधलं सूत (आट्यांवर गुंडाळलेला धागा) आणि सफेदा (त्यावरचा पांढरा लेप) कधीच कुजून गेलेला असतो. पाणी अडवून धरलेलं असतं ते गंजानेच. पाना फिरवला की गंजाची ती खपली सुटते आणि ठिबकणारं पाणी धार धरतं. आणि पान्याचा जोर त्या जॉइंटपाशी थांबत नाही. पाइपमधून पुढे जातो आणि भिंतीतला एल्बो, म्हणजे पाइप वळवणारा जोड, मोडतो. मग टाइल्स फोडाव्या लागतात. शिवाय दोन्ही टोकांना बसवलेला पाइप एका बाजूने आवळला की दुसऱ्या बाजूने सैल होतो, हेही विसरून चालत नाही.

म्हणून आम्ही पाइप मधोमध कापतो, दोन्ही तुकडे उलटे फिरवून काढतो, नव्या आट्यांचे तुकडे बसवतो आणि मध्ये युनियन, म्हणजे पाइप न कापता उघडता येणारा जोड, टाकतो. पुढच्या वेळी तिथे करवत लागत नाही. आट्यांवर सूत आणि पेस्ट. पूर्वीच्या सफेद्यात शिसं असे, ते आम्ही वापरत नाही. फक्त टेफलॉन टेप नव्या, स्वच्छ आट्यांवर ठीक आहे; गंजून खडबडीत झालेल्या आट्यांवर तिचा भरवसा नाही.

कापलेला तुकडा तुमच्या हातात देतो. अर्धा इंची पाइपच्या आत पेन्सिल जाईल एवढंच भोक उरलं असेल, तर दोष एका जॉइंटचा नाही, लाइनच संपली आहे. गीझरला पाणी कमी येतं ही तक्रारही बहुधा त्यातलीच. अशा वेळी एक जॉइंट करून पैसे घ्यायला आम्हाला आवडत नाही, कारण पुढचा फोन त्याच लाइनवरच्या दुसऱ्या जॉइंटसाठी येणार. सीपीव्हीसीची (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिक पाइपची) नवी लाइन भिंतीवरून उघडी नेली तर फोडाफोड वाचते. दिसायला बरी नाही, हे मान्य.

लाइन बदलण्याआधी एक गोष्ट नक्की सांगा

जुन्या घरांत कधीकधी अर्थिंगची तार नळाच्या पाइपला बांधलेली असते. लोखंडाच्या जागी प्लास्टिक आलं की अर्थिंग गेलं, आणि दिवे-पंखे चालू राहत असल्याने कुणाच्या लक्षातही येत नाही. गीझरला बिघाड झाला की मग कळतं. पाइपला अशी तार दिसली तर आम्ही काम थांबवतो. आधी इलेक्ट्रिशियनकडून स्वतंत्र अर्थिंग करून घ्या.

आम्ही येईपर्यंत

त्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा. जुना गेट व्हॉल्व्ह फिरत नसेल तर जोर करू नका, दांडी हातात येते. सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून जॉइंटवर घट्ट गुंडाळा आणि वरून तार पिळा. एक-दोन दिवस निघतात. एम-सील ओल्या किंवा गंजलेल्या पृष्ठभागावर धरत नाही. लावायचंच असेल तर पाणी बंद करून, पॉलिश पेपरने घासून, कोरडं करून लावा आणि पूर्ण सुकू द्या. ओल स्विचबोर्डपर्यंत आली असेल तर आधी एमसीबी (विजेच्या बोर्डावरचा सुरक्षा स्विच) पाडा.

भिंतीत ओल असेल तर एवढं पाहून ठेवा: ती सतत आहे, की फक्त आंघोळीनंतर वाढते? सतत असेल तर नळाची लाइन, आंघोळीनंतर असेल तर बहुतेक नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या जमिनीतली पाणी जाण्याची जाळी-मोरी) किंवा टाइल्सच्या फटी. दुसऱ्या प्रकाराला पाइप बदलून काही उपयोग नाही.

खर्च कुणाचा?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार बाहेरच्या सामाईक पाइपलाइनची गळती संस्थेच्या खर्चातून, घरातल्या सिंक-संडासाची सभासदाच्या. डक्टमधलं (सामाईक पाइप ज्या उभ्या पोकळीतून जातात तिथलं) काम असेल तर सेक्रेटरींचं पत्र आधी आणा. तोंडी परवानगीवर आम्ही सामाईक लाइन कापत नाही.

जीआयचा एक जॉइंट असेल तर पाणी त्याच दिवशी सुरू होतं. सीपीव्हीसीचे जॉइंट सिमेंटने चिकटवलेले असतात, त्यांना रात्रभर सुकू द्यावं लागतं. दोन बादल्या आणि पिण्याचं पाणी आदल्या दिवशीच भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी आमचा माणूस सगळे नळ बंद करून, पूर्ण दाबावर प्रत्येक जॉइंटला कोरडा कागद लावून बघतो. कागद ओला झाला नाही की मगच बिल.