पलायनकथा व त्यांची चित्रपटरूपे

कारावास, युद्धबंदी छावणी किंवा निर्जन मुलखातून जिवंत सुटल्याचा वृत्तांत सांगणारा गद्यप्रकार. निवेदन बहुधा प्रथमपुरुषी असते. शब्दांकन मात्र पुष्कळदा व्यावसायिक लेखकाचे. घटनेला साक्षीदार थोडे आणि कागदपत्रे त्याहून थोडी, त्यामुळे सत्यासत्यतेचा वाद या प्रकाराला जडलेलाच आहे.

सर्वाधिक वाद ‘द लाँग वॉक’ (१९५६) या पुस्तकावर झाला. पोलिश सैन्याधिकारी स्वावोमिर राविच यांच्या नावावरील हा वृत्तांत पत्रकार रॉनल्ड डाउनिंग यांनी शब्दबद्ध केला. सायबेरियातील श्रमछावणीतून १९४१ मध्ये पळालेल्या कैद्यांपैकी चौघे गोबी वाळवंट, तिबेट व हिमालय ओलांडून भारतात पोहोचले, असे त्यात म्हटले आहे. अंतर सुमारे ६,५०० किमी. मध्य आशियाचे जाणकार पीटर फ्लेमिंग व गिर्यारोहक एरिक शिप्टन यांनी तेव्हाच शंका घेतली होती. वाळवंटातील पाण्यावाचूनचे दिवस आणि हिमालयात दिसलेले हिममानव हे तपशील विशेष खटकणारे होते. २००६ मध्ये बीबीसीने उजेडात आणलेल्या कागदपत्रांनुसार राविच यांची सुटका पोलिश कैद्यांना मिळालेल्या माफीनुसार झाली व १९४२ मध्ये ते कॅस्पियन समुद्रमार्गे इराणला गेले. त्यांतील एक कागद खुद्द राविच यांच्या हातचा आहे. अशी पायपीट दुसऱ्या कोणी केली असावी, हे मतही मांडले जाते. तथापि राविच यांच्यापुरता कागदांचा पुरावा अधिक ग्राह्य वाटतो. पीटर विअर यांच्या ‘द वे बॅक’ (२०१०) या चित्रपटात नायकाचे नाव बदलले आहे, हिममानव गाळले आहेत आणि भारतात पोहोचणारे तिघेच आहेत.

पॉल ब्रिकहिल यांचे ‘द ग्रेट एस्केप’ (१९५०) ऐतिहासिक दृष्ट्या भक्कम आहे. लेखक स्वतः श्टालाग लुफ्ट ३ या जर्मन युद्धबंदी छावणीत बंदी होता; पुस्तक तेथील पलायनाचे आहे. मार्च १९४४ मध्ये भुयारातून ७६ जण निसटले, तिघे कायमचे सुटले, पकडलेल्यांपैकी ५० जणांना गोळ्या घालण्यात आल्या. १९६३ च्या चित्रपटात पळणाऱ्यांमध्ये अमेरिकी बंदी आहेत. प्रत्यक्षात त्यांना आधीच दुसऱ्या आवारात हलवले होते. गाजलेला मोटारसायकलचा पाठलाग काल्पनिक आहे. याउलट फ्रेंच दिग्दर्शक रोबेर ब्रेसाँ यांनी फ्रेंच प्रतिकारक आंद्रे दव्हिन्यी यांच्या १९४३ मधील पलायनावरचा चित्रपट (१९५६) ल्याँच्या माँल्यूक तुरुंगातच बराचसा चित्रित केला. त्यात पाठलाग जवळजवळ नाही. चमच्याने दाराची फळी खरवडण्यालाच पडद्यावर भरपूर वेळ मिळतो. आंरी शारिएर यांच्या फ्रेंच गयानातील कैदेवरच्या ‘पापियाँ’ (१९६९) या पुस्तकाची दोन चित्रपटरूपे झाली; पुस्तकातील अनेक प्रसंग इतर कैद्यांचे असावेत, असे अभ्यासक मानतात.

१९७२ च्या अँडीज विमान अपघातात ४५ पैकी १६ जण ७२ दिवसांनी वाचले. पिअर्स पॉल रीड यांच्या पुस्तकावर (१९७४) १९९३ मध्ये इंग्रजी, तर पाब्लो व्हिएर्सी यांच्या पुस्तकावर २०२३ मध्ये स्पॅनिश चित्रपट निघाला. दुसऱ्यात निवेदनाचा आवाज डोंगरातच मरण पावलेल्या प्रवाशाचा आहे.