हवाई अंतर

दोन विमानतळांमधील, पृथ्वीच्या पृष्ठभागालगत मोजलेले किमान अंतर. मोजणी धावपट्टीच्या टोकापासून न करता विमानतळाच्या संदर्भ बिंदूपासून करतात. गोलावरचा हा किमान मार्ग बृहद्वृत्ताचा, म्हणजे ज्याचे प्रतल गोलाच्या केंद्रातून जाते अशा वर्तुळाचा, कंस असतो. मर्केटरच्या पद्धतीने (१५६९) काढलेल्या नकाशावर तो बहुधा ध्रुवाकडे फुगलेला दिसतो. त्यामुळे लंडन–न्यूयॉर्क विमान उगाच उत्तरेकडून वळसा घेते, असा समज होतो. कायम एकाच दिशांकावर (होकायंत्रावरील दिशेच्या कोनावर) ठेवलेला मार्ग आणि बृहद्वृत्ताचा मार्ग यांतील भेद पोर्तुगीज गणिती पेद्रू नुनिश यांनी १५३७ मध्येच मांडला होता.

दोन ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशांवरून हे अंतर काढण्यासाठी हॅव्हरसाइन सूत्र रूढ आहे. त्याचे श्रेय सामान्यतः जेम्स इन्मन यांना देतात. हॅव्हरसाइन ही संज्ञा त्यांच्या नौकानयनावरील ग्रंथाच्या १८३५ च्या आवृत्तीत आली; पण या फलाचा (फंक्शनचा) वापर मेंदोसा इ रियोस (सु. १८०१) आणि जेम्स अँड्र्यू (१८०५) यांच्याकडे आधीच आढळतो. तेव्हा इन्मन यांच्याकडे नामकरणापुरते श्रेय ठेवणे अधिक योग्य. हॅव्हरसाइन म्हणजे उत्क्रमज्येचा (१ वजा कोज्या, म्हणजे कोसाइन) अर्धा भाग. उत्क्रमज्या सूर्यसिद्धांतात आहे. मात्र एवढ्यावरून सूत्राचे मूळ तेथे शोधणे ताणलेले वाटते. गुणाकार सोपा करणारा लघुगणक ऋण संख्येला नसतो आणि हॅव्हरसाइन कधी ऋण होत नाही, ही नाविकांची सोय त्याच्या प्रसाराला पुरेशी होती. शिवाय हेच अंतर काढण्याच्या कोज्येच्या सूत्रात जवळच्या दोन ठिकाणांसाठी अचूकता घटते, तशी येथे घटत नाही.

हे सूत्र पृथ्वी पूर्ण गोल (त्रिज्या सु. ६,३७१ किमी.) मानते. प्रत्यक्षात विषुववृत्तीय त्रिज्या सु. ६,३७८ व ध्रुवीय सु. ६,३५७ किमी. असल्याने अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक संभवते. पृथ्वी ध्रुवांशी चपटी धरणारी व्हिन्सेंटी यांची रीत (१९७५) मिलिमीटरपर्यंत अचूक आहे, पण जवळजवळ प्रतिध्रुवस्थ (पृथ्वीवर एकमेकांच्या नेमक्या विरुद्ध बाजूंच्या) बिंदूंसाठी तिची आवर्तने (पुनःपुन्हा केलेली गणना) उत्तराशी स्थिरावत नाहीत. ही अडचण कार्नी यांनी २०१३ मध्ये दूर केली. विमानवाहतुकीत अंतर सागरी मैलांत देतात (१ सागरी मैल = १,८५२ मी.; मोनॅको परिषद, १९२९).

प्रवासकाल : वेळापत्रकातील काल विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून मुक्कामी थांबेपर्यंतचा असतो, जमिनीवरील धाव त्यात धरलेली असते. म्हणून अंतराला ताशी ८५०–९०० किमी. या वेगाने भागून येणारे उत्तर, विशेषतः छोट्या मार्गांवर, बरेच कमी भरते. मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या जेट प्रवाहामुळे लंडनहून न्यूयॉर्कला जाताना परतीपेक्षा साधारण तासभर जास्त लागतो. हा प्रवाह जपानचे वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून नोंदला. त्यांचा अहवाल एस्पेरांतो भाषेत निघाल्याने तो दुर्लक्षित राहिला, असे म्हटले जाते. सुटण्याच्या व पोहोचण्याच्या स्थानिक वेळांतील फरक म्हणजे प्रवासकाल नव्हे. आधी दोन्ही वेळा एकाच कालविभागात आणाव्या लागतात.