पडलेलं मूल आधी वर का बघतं?

नुकतंच चालायला लागलेलं मूल धपकन पडतं. पुढचे एक-दोन सेकंद नीट बघा. ते लगेच रडत नाही, मान वर करून आधी आजीचा चेहरा शोधतं. आजी 'अगं बाई!' म्हणून धावली की भोकाड पसरलंच. ती हसून 'काही नाही, मुंगी मेली' म्हणाली की बहुतेक वेळा स्वारी उठून चालू लागते. (खरंच खरचटलं असेल तर मुंगीचा काही उपयोग होत नाही, ते सोडा.)

ही लबाडी नव्हे. झालं ते किती गंभीर, हे मुलाला अजून ठरवता येत नाही, म्हणून ते मोठ्यांची भावना उसनी घेतं.

१९८५ साली अमेरिकेत जेम्स सॉर्स, जोसेफ कॅम्पोस आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं. जाड काचेचं टेबल. अर्ध्या भागात चौकड्यांचं कापड काचेला लागून, उरलेल्या अर्ध्यात तेच ३० सेंटिमीटर खाली. म्हणजे समोर खड्डा दिसतो, पण जेमतेम. पलीकडे खेळणं आणि आई. आईने बोलायचं नाही, फक्त चेहऱ्याने सांगायचं. आई हसरी होती तेव्हा वर्षभराच्या १९ बाळांपैकी १४ जणं काचेवरून रांगत गेली. ती घाबरलेली दिसली तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. खड्डाच नव्हता तेव्हा मात्र फारशा बाळांनी आईकडे पाहिलंही नाही. मला या प्रयोगातलं हेच जास्त आवडतं. शंका नसेल तर विचारायचं कशाला?

बोलता येऊ लागलं की चेहऱ्याच्या जोडीला शब्द येतात. २००७ मध्ये मॅथ्यू लीबरमन यांच्या गटाने मोठ्या माणसांना रागीट, भेदरलेले चेहरे दाखवले आणि त्यांचे मेंदू स्कॅन केले. त्या भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोक्याची चाहूल घेणाऱ्या भागाची, धावपळ कमी होत होती.

म्हणून जमिनीला चापट मारून 'हिनेच पाडलं ना बाळाला!' म्हणणं मला पटत नाही. त्यातून गुन्हेगार सापडतो, पण आपल्याला काय झालं ते मुलाला कळत नाही. पडल्यावर पुष्कळदा लागलेलं नसतंच, नुसतं दचकायला झालेलं असतं. माझा भाचा अडीच वर्षांचा असताना टेबलावर डोकं आपटून घेऊन आला. 'लागलं नाही, दचकलो,' एवढं सांगितलं आणि परत टेबलाखाली शिरला.